एका गोळीचे मरण

मुलांच्या खेळावर दिवाळी अंकात टीकालेख लिहावा, आणि तोही एका कादंबरीकार शाळामास्तराने, याचे काही वाचकांना हसू येईल. खुशाल हसावे. पण ज्यांचे बालपण १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गेले, ते ‘कॉन्ट्रा’ हे नाव वाचताच हातातली चकली ताटात ठेवतील, अशी माझी खात्री आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी थोडे सांगणे जरूर आहे. जपानातल्या कोनामी कंपनीने १९८७ साली हा खेळ नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि पुढच्याच वर्षी तो घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आला. आमच्याकडे तो बराच उशिरा आला, आणि राजमार्गाने तर नव्हेच. परदेशी यंत्राच्या स्वस्त नकला आणि एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची थाप मारणारी वेष्टने, अशा संगतीने तो गावोगाव पोचला. कापूरहोळ हे पुणे-सातारा रस्त्यावरचे, भोरकडे वळणाऱ्या फाट्याचे गाव. पुण्यात जे निघे, ते आज ना उद्या आमच्या फाट्यावर एस.टी.तून उतरे. एका दिवाळीला वडिलांनी असेच एक यंत्र आणले. टिकल्यांचे पिस्तूल त्या वर्षी कोणी हातातही घेतले नाही.

दोन शिपाई, उघड्या अंगाचे. निळ्या विजारीचा मी, तांबड्या विजारीचा माझा धाकटा भाऊ. डावीकडून उजवीकडे धावायचे, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या. कथानक म्हणावे तर एवढेच. परंतु या खेळाचा एक कठोर नियम होता. शत्रूची एक गोळी लागली की मरण. शत्रूचा नुसता स्पर्श झाला तरी मरण. जीव तीन, आणि मेल्यावर मोठ्या कष्टाने मिळवलेली बंदूकही हातची जाई. त्यामुळे ‘एस’ अक्षराची, एकदम पाच गोळ्या पसरून सोडणारी बंदूक मिळाली की आम्ही तिला तळहातावरच्या फोडासारखे जपत असू. पूल कुठे स्फोटाने तुटतो, शत्रू कुठल्या झाडीतून निघतो, हे सारे आम्हांला तोंडपाठ होते. शाळेतल्या पाढ्यांना असे भाग्य लाभले नाही, हे आता मास्तर या नात्याने खेदाने नमूद करतो.

तिसरा टप्पा धबधब्याचा. तिथे वाट वर चढते. एक गडी भराभर वर गेला की पडदाही वर सरके, आणि जो मागे राहिला तो पडद्याखाली जाऊन मरे. शत्रूने नव्हे, सोबत्याने मारलेला! मी भावाला तिथे असा कितीदा मारला असेल, त्याचा हिशेब त्याच्यापाशी आहे. पण त्याच धबधब्याने वर पोचल्यावर थांबून खाली पाहायलाही शिकवले. हे कोणी उपदेश करून सांगितले नव्हते. पडद्याच्या रचनेतच ते होते. कलाकृतीचा आशय तिच्या बांधणीत असतो असे आपण कादंबरीबद्दल म्हणतो. ते या खेळाबद्दल म्हणायला मला संकोच वाटत नाही.

तीन जीवांचे तीस करण्याचा एक मंत्रही होता. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, मग बी आणि ए. छापलेला तो आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. ओवीसारखा तोंडोतोंडी आला. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी तो मुळात १९८६ साली ‘ग्रॅडियस’ या दुसऱ्याच खेळासाठी केला, कारण तपासणीसाठी खेळताना तो त्यांना स्वतःलाच जड जात होता. २०२० साली ते वारले. आमच्या ओटीवर त्यांचे किती ऋण होते, हे त्यांना कुठून कळणार!

आता नव्याकडे वळू. गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आपले यंत्र घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, तुमचा कॉन्ट्रा आणलाय.” पाहतो तो ‘कॉन्ट्रा : रोग कोअर’, २०१९ सालचा. मी मोठ्या उत्साहाने बसलो आणि तासाभरात उठलो.

नजर बहुतेक वेळ वरून, गच्चीतून रस्ता पाहावा तशी. गड्यांमध्ये एक पांडा आहे, एक किड्याच्या रूपातला सभ्य गृहस्थ आहे. विनोद म्हणून तेही चालले असते. पण बंदूक तापते! चार क्षण झाडली की ती थंड व्हायची वाट पाहत पळायचे. ज्या खेळात डोळा शत्रूवरून हलवणे म्हणजे मरण होते, त्यात आता डोळा स्वतःच्याच बंदुकीच्या तापमानावर. वर ताकदीची पट्टी; एक गोळी लागली तर ती थोडी उतरते, इतकेच. लढाईहून परतल्यावर बंदुकीला सुटे भाग जोडा, डॉक्टर निवडून शरीरातली इंद्रिये बदलून घ्या. शिपाई कमी आणि दवाखान्यातला रोगी जास्त, असे त्याचे होते. मरणाची धास्ती गेली, तिच्याबरोबर पाठांतर गेले. जे पाठ करावेसे वाटत नाही, ते दुसऱ्याला शिकवावेसे तरी का वाटेल?

हे परक्याने केले असते तर गोष्ट वेगळी. पण या खेळाची सूत्रे नोबुया नाकाझातो यांच्या हाती होती, ज्यांनी १९९२ सालचा उत्तम तिसरा कॉन्ट्रा घडवला होता. घरच्याच माणसाने जुना वाडा पाडून तिथे मंगल कार्यालय बांधावे, तसे झाले.

जुने तेच सोने म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तली पदे निम्म्यावर आणून केलेला प्रयोगही मी आनंदाने पाहतो, कात्री चालवणाऱ्याला कुठले पद नाटकाचा प्राण आहे हे कळले, की झाले. २०२४ साली वेफॉरवर्ड या अमेरिकी मंडळीने ‘ऑपरेशन गलुगा’ या नावाने पहिला कॉन्ट्रा नव्याने रचला. त्यांनी ताकदीची पट्टी ठेवली, परंतु हवे असेल त्याला एका गोळीचे मरण निवडण्याची मुभाही ठेवली. त्या एवढ्या गोष्टीवरून कळते की मूळ खेळ त्यांनी हाताने खेळलेला आहे.

असो. भाच्याच्या यंत्रात जुन्या कॉन्ट्रांचा एक संचही होता, त्याच कंपनीने त्याच २०१९ साली काढलेला. पोरगा पडलेल्या चेहऱ्याने बसला होता, म्हणून तो लावायला सांगितला. निळी विजार त्याला दिली, तांबडी मी घेतली. बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. धबधब्यावर तो सरसर वर गेला आणि मी पडद्याखाली मेलो. पुढच्या जीवाला मी खालच्या कड्यावर चाचपडत होतो, तेव्हा तो वर एका जागी उभा राहून गोळ्या चुकवीत म्हणाला, “या सावकाश, मामा. मी थांबलोय.”