‘उचल्या’ आणि गुन्ह्याच्या कारणांची मीमांसा

गुन्ह्याच्या कारणांची चर्चा लोम्ब्रोसोपासून सुरू करण्याचा गुन्हाशास्त्रात प्रघात आहे. गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो व त्याचे वेगळेपण कवटीवर नि चेहऱ्यावर उमटलेले असते, हे मत त्याने १८७६ साली मांडले. सुमारे ३,००० इंग्लिश कैद्यांची मापे घेऊन चार्ल्स गोरिंग याने ते १९१३ मध्ये खोडून काढले. भारतातील गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र लोम्ब्रोसोच्या ग्रंथाहून पाच वर्षे जुना, म्हणजे १८७१ चा. त्याच्या मुळाशी शरीररचनेचा विचार नव्हता. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा जातिव्यवसायाचा तर्क होता. गोरिंगच्या मोजपट्टीने तो खोडला जाणे शक्यच नव्हते.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन या दृष्टीने वाचावयास हवे. गुन्हा हा निकटच्या माणसांच्या सहवासात शिकला जातो, या सदरलँडच्या सिद्धान्ताचे ते उत्तम उदाहरण आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. खिसा कापण्याचे कसब, चोरीच्या मालाची वाटणी, वडीलधाऱ्यांची देखरेख, सारे त्यात आहे. तथापि त्या शिक्षणातील एक धडा सदरलँडच्या चौकटीत सहज बसत नाही. मुलांना मार सोसण्याची सवय व्हावी, पोलिसांच्या हाती लागल्यावर त्यांनी तोंड उघडू नये, म्हणून घरचीच माणसे त्यांना मारतात. येथे विद्या टोळीची खरी, पण तिचा अभ्यासक्रम पोलीस ठाण्याने ठरविलेला आहे! ज्या यंत्रणेने गुन्हा रोखावयाचा, तीच गुन्ह्याच्या शिक्षणाचे एक कारण होऊन बसते. सदरलँड गुन्हा कसा शिकला जातो हे सांगतो; कोणाला गुन्हेगार ठरवावयाचे हे कोण ठरवितो, हा प्रश्न त्याच्या सिद्धान्तात मागे राहतो. तो प्रश्न बेकरने १९६३ मध्ये ऐरणीवर आणला.

अर्थात शिक्क्याच्या उपपत्तीनेही सर्व उलगडा होत नाही. दारिद्र्य आणि भूक यांचे वजन या आत्मकथनात पोलिसांच्या काठीहून कमी नाही. शिवाय लेखक स्वतः लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, म्हणजे शिक्का तोच असताना वाट बदलते. १८७१ च्या तर्कात या घटनेला जागाच नाही. १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला, तरी ‘सराईत गुन्हेगार’ ठरविणारे कायदे राज्याराज्यांतून राहिले. मुंबई राज्याने तसा कायदा १९५९ साली केला. त्यांत जमातीऐवजी व्यक्ती आली. तथापि संशयिताच्या शोधात पोलीस प्रथम कोणत्या वस्तीत शिरतात, याची नोंद कायद्याच्या पुस्तकात नसते. ती ‘उचल्या’त आहे.