आशुरे : तळाला उरलेल्या मुठींची खीर

मोहरमच्या दहाव्या दिवशी आणि पुढचे काही आठवडे तुर्कस्तानात घरोघरी एक खीर शिजते, आशुरे. तिची कथा तिथली मुलं आजीकडून ऐकतात. महापूर ओसरला, नूहची नौका डोंगराला टेकली आणि कोठार उघडून पाहिलं, तर एकही धान्य सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतं. मूठभर गहू, मूठभर चणे, थोडी सुकी फळं. सारं एकाच भांड्यात पडलं आणि जगल्यावाचल्यांची पंगत बसली. नौका टेकली तो डोंगर म्हणून आग्नेय तुर्कस्तानातला जुदी दाखवतात.

उरल्यासुरल्याचा पदार्थ म्हटलं की मनात निभावून नेण्याचा भाव येतो. आशुरेत तो औषधालाही सापडत नाही, आणि याचं श्रेय कथेइतकंच कृतीला आहे. कोंडा काढलेले गहू, काबुली चणे, पांढरा घेवडा रात्रभर वेगवेगळे भिजतात आणि वेगवेगळेच शिजतात, कारण प्रत्येकाची शिजायची वेळ निराळी. गहू फुटेपर्यंत उकळतात. त्याच्या पिठूळपणानेच खीर दाटते, दुधाची गरज पडत नाही. साखर उशिरा, कारण ती आधी पडली तर कडधान्य लवकर मऊ होत नाही. जर्दाळू, बेदाणे, संत्र्याची साल, लवंग. अंजीर अगदी शेवटी, नाहीतर रंग काळवंडतो. उरलेल्या मुठींना इतकी निगुतीची वागणूक मिळते, हे मला या पाककृतीचं खरं सौंदर्य वाटतं. प्रत्येक दाणा स्वतःची चव राखून असतो आणि तरी भांडं एकजीव होतं.

अलेवी मुस्लीम समाजात करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्यांच्या शोकाचे बारा दिवसांचे उपवास याच खिरीने सुटतात आणि बारा इमामांच्या स्मरणार्थ तिच्यात बारा जिन्नस घालण्याची रीत आहे. एकाच भांड्यात सुटकेचा आनंद आणि शोक दोन्ही मावतात. खीर मोठ्या पातेल्यातच होते, कारण ती वाटायची असते. उस्मानी राजवाड्यातून ती खास बनवलेल्या सुरयांतून शहरात जाई. आज जिन्यावरून शेजारच्या दारी वाट्या जातात. ती वाटी रिकामी परत पाठवायची नाही, असा शिरस्ता. अन्न शिळं होण्याआधी माणसांपर्यंत पोहोचवायची ही व्यवस्था शेजारधर्मानेच चालवली आहे.

म्हणून अंताल्याच्या किनाऱ्यावरच्या ‘सगळं समाविष्ट’ हॉटेलांचं बुफे मला खटकतं. तिथे भरगच्च दिसणं हाच पाहुणचार ठरतो. शेवटचा पाहुणा येईपर्यंत प्रत्येक परात भरलेली हवी, म्हणजे उरणार हे आधीच ठरलेलं. याच तुर्कस्तानाने २०१७ मध्ये ‘सिफिर आतिक’ म्हणजे शून्य कचरा मोहीम सुरू केली. त्याच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी ३० मार्च हा शून्य कचरा दिन ठरवला. धोरण चांगलंच आहे. पण पर्यटकाला त्याची गोडी लावायची, तर सूचनाफलकापेक्षा आशुरेची वाटी जास्त कामाची. ‘तातुता’सारख्या योजनेतून शेतकऱ्याच्या घरी राहणारा पाहुणा त्या घरात जे शिजतं तेच जेवतो; त्याच्यासाठी वीस पराती मांडाव्या लागत नाहीत.

चांद्र पंचांगामुळे आशुरेचा दिवस दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. शरदात आला तर वाटीवर डाळिंबाचे ताजे दाणे असतात. उन्हाळ्यात आला तर अक्रोड, हेझलनट, दालचिनी एवढ्यावरही भागतं आणि कुणी त्याला अपुरं म्हणत नाही. त्या दिवसांत तिकडे जाणाऱ्याने हॉटेलातलं एक जेवण सोडावं आणि एखाद्या मोहल्ल्यात आशुरे वाटली जात असेल, तिथे रांगेत उभं राहावं.