आधीचं निवेदन, नंतरचं निवेदन

परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्याला एक कागद लिहावा लागतो. त्याचं पूर्ण नाव स्टेटमेंट ऑफ पर्पज. इलेक्ट्रॉनिक सिटीत सगळे नुसतं एसओपी म्हणतात. मला का यायचंय, काय शिकायचंय, शिकून पुढे काय करणार, हे पान-दोन पानांत पटवून द्यायचं. गेल्या पावसाळ्यात दोड्डतोगुरूच्या एका पीजीत राहणारी सोलापूरची मुलगी असा कागद घेऊन माझ्याकडे आली. पाच वर्षं नोकरी झालेली, आता जर्मनीत एमएस करायचं. मी वाचलं. इंग्रजी ठीक होतं, पण त्यात ती कुठेच नव्हती. "खरं कारण काय गं?" असं विचारलं तर म्हणाली, "खरं सांगू का ताई? कारण शोधायलाच तर चाललेय. पण तसं लिहिता येत नाही ना."

ती गेल्यावर मी धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' पुन्हा वाचायला काढलं. हे आत्मचरित्र 1924 साली पुस्तकरूपानं आलं. अलीकडे त्यांची नात मीरा कोसंबी यांनी ते इंग्रजीत नेलं, त्यामुळे मराठीबाहेरच्या वाचकालाही ते आता परकं नाही. बुद्धाच्या शोधात निघालेल्या विद्वानाची कहाणी म्हणून ते वाचलं जातं. मला या वेळी ते दुसऱ्याच अंगानं वाचावंसं वाटलं: घर सोडून गेलेल्या माणसानं मागाहून दिलेला हिशेब म्हणून.

पुस्तकाच्या नावातच तसं सुचवलं आहे. मराठीत निवेदन कलेक्टरला देतात, सभेत करतात. देवापुढे ठेवतो तो नैवेद्यही याच धातूतून आलेला. म्हणजे जे आहे ते दुसऱ्यापुढे ठेवणं. कोसंबींनी ना 'माझा प्रवास' म्हटलं, ना 'माझी साधना'. मजकूरही नावाला धरूनच आहे. कुठे राहिलो, काय खाल्लं, पैसे कुणी दिले, आजारी कधी पडलो, कोण कसं वागलं, हे ते एका सपाट सुरात सांगत जातात. भारावलेली वाक्यं जवळजवळ नाहीत. पहिल्या वाचनात मला हा कोरडेपणा खटकला होता. आता वाटतं, हिशेब देणाऱ्याला हीच भाषा शोभते.

गोष्ट थोडक्यात अशी. 1876 साली गोव्यात साखवाळला जन्म, शालेय शिक्षण जेमतेम, घरी नारळी-पोफळीचं काम. 'बालबोध' मासिकात बुद्धाविषयी वाचलं आणि या माणसाची शिकवण मुळातून समजून घ्यायची असं मनानं घेतलं. 1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात रा. गो. भांडारकरांना भेटले, ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ. बुद्धाचा धर्म तिथे जिवंत भेटेल अशी आशा होती. दिसलं ते पाहून निराश झाले.

पुस्तकाचा कणा मला या निराशेत दिसतो. ज्या ठिकाणी गेल्यावर सापडेल असं वाटलं होतं तिथे ते सापडलं नाही. एखाद्या हळव्या आत्मचरित्रात इथे एक अख्खं प्रकरण उसासे आले असते. कोसंबी पुढे कुठे जायचं ते बघतात. बोधगया, कलकत्ता करत 1902 मध्ये ते सिलोनला पोचतात, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर होऊन पाली शिकू लागतात, पुढे ब्रह्मदेश. या वाटेवर त्यांचा हेतू मोठा होत गेला नाही, बारीक होत गेला. आधी बुद्ध हवा होता, मग त्याची शिकवण, मग ती ज्या भाषेत आहे ती भाषा, आणि शेवटी त्या भाषेतलं मराठीत आणायचं. सयाजीराव गायकवाडांनी, महाराष्ट्रात राहून काम करायचं या अटीवर, महिना 50 रुपये देऊ केले तेव्हा कलकत्ता विद्यापीठातली जागा सोडून ते आले. इतक्या मोठ्या वळशानंतर हातात आलेला हेतू इतका नेमका होता, म्हणून हा निर्णय सोपा झाला असावा.

हे आधी लिहून देता आलं असतं का? एक तारीख बघण्यासारखी आहे. हार्वर्डच्या हेन्री क्लार्क वॉरेन यांनी बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचं संपादन हाती घेतलं होतं. ते अपुरं टाकून 1899 च्या जानेवारीत ते वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यातला हा तरुण पालीचं अक्षरही न येता घराबाहेर पडला. 1910 साली तेच काम पुरं करायला त्याला अमेरिकेला बोलावलं गेलं. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी संपादनाच्या श्रेयावरून बिनसलं, 1912 मध्ये ते परतले. 'विसुद्धिमग्गा'ची त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये भारतीय विद्या भवनानं काढली. हार्वर्डची आवृत्ती आली 1950 साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. साखवाळहून निघताना कुणी एसओपी मागितली असती, तर त्यात यातलं एक अक्षर आलं नसतं.

इथवर माझी सोलापूरची मैत्रीण जिंकल्यासारखी वाटते. पण हिशेबाच्या वहीत एक पान जवळपास कोरं आहे. कोसंबी निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. 'निवेदना'त बाळाबाई येतात, पण त्यांचा आवाज फारसा येत नाही. सिलोनातल्या जेवणाबद्दल आपल्याला जितकं कळतं, तितकं साखवाळच्या घरातल्या त्या वर्षांबद्दल कळत नाही.

गंमत अशी की, कोसंबींनी गृहत्यागाचा विचार केलाच नाही असं नाही. तो त्यांनी बुद्धाच्या चरित्रात केला. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात ते मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत सोडून जाणाऱ्या सिद्धार्थाची कथा नाकारतात. आधाराला मज्झिमनिकायातलं अरियपरियेसन सुत्त घेतात. नावाचा अर्थच 'श्रेष्ठ शोध'. त्यात आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत, बोधिसत्त्व मुंडन करून बाहेर पडतो. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून आलेलं वैराग्यही त्यांना पटत नाही. शाक्य आणि कोलियांमधल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात, हत्यारं उचलणाऱ्या माणसांच्या भीतीत, ते कारण शोधतात. हे संशोधन पाली पुराव्यावर उभं आहे. त्याला लेखकाच्या घरगुती अपराधाचा मुलामा म्हणणं अन्यायाचं होईल. तरीही 'निवेदन' वाचून 'भगवान बुद्ध'कडे येणाऱ्याला जाणवतंच, की चोरून न जाणं, घरच्यांच्या समोरून जाणं, या माणसाला महत्त्वाचं वाटत होतं. आपल्या आयुष्याचं जे पान त्यांनी भरलं नाही, त्याचा विषय त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या बाजूला आनंदीबाई जोशी आहेत. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालात, त्यांनी जमलेल्या लोकांपुढे इंग्रजीतून भाषण केलं. अमेरिकेला का जाता, इथे शिकायची सोय नाही का, एकट्या का जाता, परत आल्यावर वाळीत टाकलं तर काय, अशा प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. मराठी माणसाची ही बहुधा सगळ्यात भरीव एसओपी. वय अठराच्या आत. त्याच वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. आधीचं निवेदन पक्कं होतं. नंतरचं लिहायला आयुष्य उरलं नाही. ते काशीबाई कानिटकरांना चरित्र म्हणून लिहावं लागलं.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की एक गोष्ट उघडी पडते. शोधायला जातो एवढंच मनात धरून निघायची मोकळीक ज्याला आहे, त्याला नंतर निवडक हिशेब देऊन भागतं. जिच्या जाण्यावर कुणाचा भरवसा नाही, तिला दाराशीच सगळी उत्तरं द्यावी लागतात. आजचा व्हिसाचा अधिकारी श्रीरामपूरच्या त्या श्रोत्यांच्याच जागी बसलेला आहे. आणि बाळाबाईंसारखं मागे राहणाऱ्यांना ना आधी कुणी विचारतं, ना नंतर.

म्हणून 'निवेदन' मला आज थोर वाटतं आणि अपुरंही. थोर, कारण हेतू चालता चालता घडतो हे ते एकही उपदेश न करता दाखवतं. अपुरं, कारण त्या चालण्याचा खर्च दोघांनी भरला आणि सही एकाचीच आहे.

मुलीचा कागद मी व्याकरणापुरता दुरुस्त केला. ती उठताना मी विचारलं, घरी काय सांगितलंस? दोन पिढ्यांपूर्वी ही सगळी शेतं होती. आता इथे भेटणारा जवळजवळ प्रत्येकजण एकदा घर सोडूनच आलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न इथे सहसा कुणी कुणाला विचारत नाही. ती जरा थांबली. "आईला दोनच वर्षं म्हणून सांगितलंय. बाबांना अजून काहीच नाही." एसओपी मुदतीच्या आत गेली. सोलापूरला द्यायचं निवेदन अजून तिच्याकडेच आहे.