यवतमाळ जिल्ह्यातील काळी-पिवळी प्रवासी वाहतूक : 'अवैध' या संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील रस्ते वाहतुकीविषयीचे लेखन बहुतांशी दोन टोकांभोवती फिरत आले आहे. एका टोकाला राज्य परिवहन महामंडळाचा तोटा आहे, तर दुसऱ्या टोकाला मुंबई-पुण्यातील टॅक्सी, रिक्षा व ॲपवर मिळणाऱ्या कॅबचे भाडे. खेड्याला तालुक्याशी जोडणारा जो वाहतूक व्यवसाय या दोहोंच्या मध्ये उभा आहे, त्याची दखल प्रामुख्याने 'अवैध प्रवासी वाहतुकीवर कारवाई' या बातमीतूनच घेतली जाते. विदर्भात हा व्यवसाय 'काळी-पिवळी' या नावाने परिचित आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, 'अवैध' ही संज्ञा या व्यवसायाचे वर्णन करण्यास अपुरी आहे. एवढेच नव्हे, तर ती सार्वजनिक सेवेतील उणीव झाकते आणि त्या उणिवेची किंमत प्रवाशाकडून वसूल करते.

जिल्ह्याची रचना व प्रवासाची गरज :

2011 च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 27,72,348 असून 78 टक्क्यांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. सुमारे 13,582 चौरस किलोमीटर क्षेत्रात 16 तालुके पसरलेले आहेत. पूर्वेकडील कोळसा पट्ट्यातील वणी आणि नैर्ऋत्येकडील पैनगंगेकाठचा उमरखेड ही या विस्ताराची दोन टोके होत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा न्यायालय ही कामाची ठिकाणे मात्र यवतमाळ शहरात एकवटलेली आहेत.

रेल्वेने या विस्ताराला फारसा आधार दिलेला नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नावाने ओळखली जाणारी नॅरो गेज गाडी बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा-कळंब या टप्प्याचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 रोजी झाले. हा मार्ग महत्त्वाचा असला, तरी रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचविते. झरी-जामणी वा घाटंजी तालुक्यातील गावापासून फाट्यापर्यंतचा आणि फाट्यापासून तालुक्यापर्यंतचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. एस.टी.ची सकाळची फेरी गेली की, पुढच्या फेरीपर्यंतचा वेळ काळी-पिवळीने भरून काढला. सवारी भरल्याशिवाय गाडी सुटत नाही, हा या व्यवसायाचा अलिखित नियम. तो गैरसोयीचा असला, तरी रिकाम्या आसनाचा तोटा सोसण्यासाठी कोणतेही अनुदान नसलेल्या चालकाच्या दृष्टीने तो अटळ आहे.

कायद्यातील संज्ञा व रस्त्यावरील व्यवहार :

मोटार वाहन अधिनियम, 1988 हा भाड्याने होणाऱ्या प्रवासी वाहतुकीचे मुख्यतः दोन प्रकार मानतो. टप्पा वाहतुकीत प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेऊन त्याला वाटेत चढविता-उतरविता येते. कंत्राटी वाहतुकीत वाहन करारानुसार भाड्याने घेतले जाते आणि करारात नसलेला प्रवासी वाटेत घेता येत नाही. सहापर्यंत प्रवाशांची मोटार कॅब व बारापर्यंत प्रवाशांची मॅक्सी कॅब यांचा समावेश कंत्राटी वाहनांत होतो. विशेष म्हणजे मोटार कॅबमध्ये प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले जात असले, तरी ती कंत्राटी वाहनच राहते, असे कलम 2(7) मध्ये नमूद आहे. म्हणजेच दर माणशी भाडे आकारणे हा मुळातच अपराध आहे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती सरसकट खरी नाही.

खरा पेच वाटेतील थांब्यांचा व प्रवासी संख्येचा आहे. काळी-पिवळी ठरलेल्या मार्गावर धावते, नंबर लावून सुटते, प्रत्येक फाट्यावर थांबते. व्यवहाराने ती टप्पा वाहतूक करते, कागदावर ती कंत्राटी वाहन असते. बहुसंख्य प्रवासी ज्या स्वरूपाची सेवा घेतात, नेमके ते स्वरूपच परवान्यात बसत नाही. परिणामी सर्व गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात. परवाना, विमा व योग्यता प्रमाणपत्र असलेली गाडी आणि यांपैकी काहीही नसलेली खासगी नोंदणीची गाडी यांतील फरक 'अवैध' या एका शब्दात पुसला जातो. नियम पाळणाऱ्या चालकाला नियम पाळण्याचा लाभ मिळत नसेल, तर तो फार काळ ते पाळील, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही.

2021-22 चा संप : संज्ञेची कसोटी :

महामंडळाच्या शासनातील विलीनीकरणाच्या मागणीसाठी एस.टी. कर्मचाऱ्यांनी केलेला संप ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल 2022 पर्यंत लांबला. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून खासगी बस, शाळांच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी वाहतुकीची तात्पुरती मुभा दिली. काल जे कारवाईस पात्र होते, ते आज सार्वजनिक सोय ठरले. रस्ते, वाहने व चालक तेच होते. बदलली होती ती शासनाची गरज. संप मिटल्यावर ही मुभा संपली, ते कायद्याला धरूनच होते. परंतु या काही महिन्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. 'अवैध' हा या वाहतुकीचा अंगभूत गुण नसून प्रशासकीय निर्णयाचा परिणाम आहे आणि म्हणूनच तो निर्णय अधिक विवेकाने घेता येण्यासारखा आहे.

विमा : संज्ञेची खरी किंमत :

या वर्गीकरणाचा सर्वांत गंभीर परिणाम अपघातानंतर दिसतो. 'नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध अंजना श्याम' या 2007 च्या निर्णयात 42 प्रवाशांची परवानगी असलेल्या बसमध्ये 90 प्रवासी होते. सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी 42 प्रवाशांपुरती मर्यादित ठेवली. सर्वाधिक रकमेच्या 42 निवाड्यांची बेरीज कंपनीने भरावी, ती सर्व दावेदारांत प्रमाणशीर वाटली जावी आणि उर्वरित रक्कम वाहनमालकाकडून वसूल करावी, असे त्या निर्णयाचे सूत्र आहे.

हे सूत्र काळी-पिवळीला लावून पाहावे. नऊ प्रवाशांचा विमा असलेल्या गाडीत पंधरा जण बसले असतील, तर नऊ जणांपुरती रक्कम पंधरा कुटुंबांत वाटली जाईल. उरलेली भरपाई ज्याच्याकडून मिळवायची, त्या मालकाची एकमेव मालमत्ता म्हणजे बहुधा तीच अपघातग्रस्त, कर्जावर घेतलेली गाडी. न्यायालयीन हक्क कागदावर शाबूत राहतो. हाती मात्र अपुरी रक्कम येते. 2019 च्या दुरुस्तीने कलम 194अ अन्वये जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड ठरविला. हा दंड शासनाकडे जमा होतो, प्रवाशाच्या संरक्षणात त्याने काही भर पडत नाही. उलट तो भरून काढण्यासाठी पुढील फेरीत आणखी एक सवारी बसविण्याचा मोह वाढतो.

नव्या धोरणांचा रोख :

2019 च्या दुरुस्तीने ॲपद्वारे सेवा देणाऱ्या समुच्चयकांना परवान्याच्या कक्षेत आणले. केंद्राने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली व 2025 मध्ये ती सुधारली. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये ई-बाइक टॅक्सीला मान्यता दिली, ती एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात असे शहर एकट्या यवतमाळचेच आहे. काळी-पिवळी ही वस्तुतः वाटून घेतलेल्या प्रवासाची जुनी पद्धत आहे. तीच कल्पना मोबाइलवर आली की नवोपक्रम ठरते आणि फाट्यावर असली की गैरप्रकार, ही विसंगती चिंतनीय आहे.

एक आक्षेप :

काळी-पिवळीला मान्यता दिल्यास ती किफायतशीर मार्गावरील प्रवासी पळवील आणि एस.टी. आणखी दुबळी होईल, हा आक्षेप वजनदार आहे. नफ्याच्या मार्गावरील उत्पन्नातून तोट्याच्या फेऱ्या चालविणे हा एस.टी.चा आधार राहिला आहे. शिवाय 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून मोफत व महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्म्या भाड्यात प्रवास, या सवलती एस.टी.च देऊ शकते. तथापि सवलत ही फेरीवर अवलंबून असते. ज्या गावी बस जात नाही, तेथील स्त्री काळी-पिवळीचे पूर्ण भाडे देते. म्हणून आक्षेपाचे उत्तर बंदीत शोधण्याऐवजी मार्गवाटपात शोधावे लागेल.

समारोप :

यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. 2019 मध्ये समाविष्ट झालेले कलम 67(3) राज्य शासनाला ग्रामीण वाहतूक व अखेरच्या टप्प्यातील जोडणी यांसाठी योजना आखण्याचा व परवान्यांत बदल करण्याचा अधिकार देते. ग्रामीण भागातील टप्पा परवान्याच्या अटी शिथिल करण्याची मुभा कलम 72 मध्ये आहे. एस.टी.च्या फेऱ्या विरळ असलेले मार्ग निश्चित करणे, त्यांवर ठरावीक भाड्याचे ग्रामीण टप्पा परवाने देणे, आसनसंख्या व विमा यांची सांगड घालणे आणि ज्या गाड्या या चौकटीत येणार नाहीत त्यांवरच कठोर कारवाई करणे, हा क्रम शक्य कोटीतील आहे. अशी चौकट उभी राहीपर्यंत कारवाईची प्रत्येक मोहीम काही दिवस गाड्या थांबवील. फाट्यावर उभा असलेला प्रवासी मात्र तेथेच उभा राहील.