चावडीवरील अधिकार : मराठी विकिपीडियातील देखरेखीच्या कामाची चिकित्सा

प्रस्तुत लेखात मराठी विकिपीडियावरील देखरेखीच्या कामाची विभागणी तपासावयाची आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशाची चर्चा आपल्याकडे बहुधा लेखसंख्येच्या अंगाने होते. आलेला मजकूर राखतो कोण, वगळतो कोण, आणि वगळल्याचे उत्तर कोणी कोणास द्यावयाचे, हे प्रश्न मागे राहतात.

येथे वेतन कोणालाच नाही. लेख लिहिणारा सदस्य आणि ‘प्रचालक’ हे दोघेही स्वयंसेवकच होत; भेद आहे तो अधिकारांचा. पान वगळणे, पान सुरक्षित करणे आणि सदस्यास प्रतिबंध करणे हे प्रमुख अधिकार प्रचालकाकडे असतात. बाकीचे काम कोणीही करावे. ‘अलीकडील बदल’ या पानावर प्रत्येक संपादन कालक्रमाने दिसते. तेथे लक्ष ठेवून असणारा सदस्य शिवीगाळ, जाहिरात, उचललेला मजकूर हेरतो आणि आधीची आवृत्ती परत आणतो. पानच ठेवण्याजोगे नाही असे वाटल्यास तो त्यावर तसा साचा लावतो. निर्णय मात्र प्रचालकाचा. हेरणे, पडताळणे, नवोदितास समजावणे ही वेळखाऊ कामे अशा रीतीने बव्हंशी बिनअधिकाराच्या हातांवर चालतात.

या व्यवस्थेतील सामाईक चर्चेच्या पानास ‘चावडी’ म्हणतात. इंग्रजी विकिपीडियात याच पानाचे नाव ‘व्हिलेज पंप’, म्हणजे गावचा पाण्याचा हापसा. हिंदीने ‘चौपाल’ निवडले. मराठीत ‘पाणवठा’ म्हणावे, तर १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पण चावडी तरी कितीशी निरुपद्रवी? गप्पांची जागा पार. चावडी हे पाटील-कुलकर्ण्यांच्या कारभाराचे, सारावसुलीचे ठिकाण. तिची पायरी सर्वांना सारखी खुली नव्हती. नाव देणाऱ्यांच्या मनात हे असेल असे मला वाटत नाही. तरीही शब्दाने व्यवस्थेचे वर्णन नकळत अचूक केले आहे. चावडीवर बोलावे सर्वांनी, दप्तर मात्र एकाच्या हाती.

हे दप्तर नेमके कोठे बंद होते ते पाहू. संपादन उलटविले तरी त्याचा इतिहास सर्वांना दिसतो. सदस्यास प्रतिबंध केल्याची नोंदही उघड असते. पान वगळले, की त्यातील मजकूर केवळ प्रचालकांना दिसतो. इतरांपुढे उरते ती तारीख आणि कारणाची एखादी ओळ. ज्याने साचा लावला त्या स्वयंसेवकासही आपला निर्णय बरोबर होता की चूक, हे नंतर ताडून पाहता येत नाही. माझ्या मते या श्रमविभागणीतील मुख्य दोष येथे आहे. पुराव्यावाचून फेरविचार मागावा तो कशाच्या आधारे?

नारायणगावात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. येथे राहुट्या पडतात, गावोगावच्या जत्रा समित्या येतात आणि फडांच्या सुपाऱ्या ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारख्या राष्ट्रपतींनी गौरविलेल्या कलावंताविषयी छापील साधने मिळतात. परंतु त्याच परंपरेतील एखाद्या ढोलकीवाल्याविषयी किंवा सोंगाड्याविषयी येथील विद्यार्थ्याने लेख लिहिला, तर संदर्भ म्हणून तो काय देणार? हँडबिले, फडावरच्या वृद्धांच्या आठवणी. दूरच्या शहरातील स्वयंसेवक उल्लेखनीयतेचा नियम लावून साचा लावील, आणि नियमानुसार त्याचे चुकलेही नसेल. हे ज्ञान ज्याच्यापाशी आहे तो नवखा. चावडीवर कसे बोलावे हेच त्यास ठाऊक नसते. लेख जातो, बहुधा लेखकही जातो.

जोखमीची विभागणी तर आणखीच विषम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी विकिपीडियातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. त्या मजकुराच्या योग्यायोग्यतेची चर्चा हा येथील विषय नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ ने मध्यस्थ संस्थेस सशर्त संरक्षण दिले आहे. लिहिणाऱ्यास ते नाही. अशा वातावरणात शंका आली की हात राखण्यापेक्षा वगळण्याकडे वळतो, आणि ते मानवी आहे.

प्रचालकांवर हेत्वारोप करण्याचे कारण नाही. मोजक्या माणसांनी फावल्या वेळात एवढा पसारा सांभाळला, हे ऋण मान्यच केले पाहिजे. मागणी माफक आहे. वगळलेल्या पानाचे कारण पूर्ण वाक्यांत लिहावे, आणि मजकूर आक्षेपार्ह वा उचललेला नसेल तर तो लेखकाच्या धूळपाटीवर परत ठेवावा. तशी तांत्रिक सोय आजही आहे. मग त्या सोंगाड्याविषयीचे टिपण निदान तेथे राहील, आणि संदर्भ शोधण्याचे काम महाविद्यालयातील मराठी विभागास हाती घेता येईल.