आवर्तन की अधोगती? : ‘शास्ते’ ग्रंथाची संरचना

जुन्या करारातील ‘शास्ते’ या ग्रंथाचा दुसरा अध्याय एक सूत्र मांडतो : आज्ञाभंग, परकीयांचे दास्य आणि सुटका. मार्टिन नॉथ यांनी १९४३ मध्ये ‘अनुवादा’पासून ‘राजे’पर्यंतचे ग्रंथ एकाच इतिहासरचनेचे भाग मानले. तेव्हापासून हे सूत्र म्हणजे जुन्या वीरकथांना घातलेली संपादकीय चौकट, असे सामान्यतः समजले जाते.

परंतु ही चौकट स्थिर राहत नाही, आणि तिचा अर्थ नेमका तेथेच आहे. अथनिएलाच्या कथेत सर्व घटक क्रमाने येतात. देशाला ४० वर्षे स्वस्थता लाभते. गिदोन मिद्यानी सत्तेचा मोड करतो, पण लुटीच्या सोन्यातून त्याने घडविलेले एफोदच पूजाविषय होते. इफ्ताहानंतर स्वस्थतेचा उल्लेख लोपतो. शमशोनकथेच्या आरंभी लोकांचा आक्रोशही नाही. पुढे यहूदाचे लोकच त्याला बांधून पलिष्ट्यांच्या हवाली करतात.

दहावा अध्याय या दृष्टीने निर्णायक ठरतो. पापाची स्पष्ट कबुली लोक येथे प्रथमच देतात आणि नेमका येथेच परमेश्वर सुटका नाकारतो. लोक परके देव टाकून देतात. तरीही संहिता परमेश्वराच्या समाधानाविषयी बोलत नाही, इस्राएलाचे क्लेश त्याला असह्य झाल्याचे सांगते. सुटका ही पश्चात्तापाची किंमत नव्हे. तिचे मूळ करुणेत आहे.

मात्र करुणा समाजाला सावरीलच असे नाही. ग्रंथाअखेरीस परकीय शत्रू उरत नाही. उरते ती बन्यामिनाविरुद्धची यादवी. ‘चक्र’ ही संज्ञा ही घसरण झाकते.