परोपकाराची सक्ती

कायद्याची पुस्तके वाङ्मयाच्या कपाटात ठेवण्याची आपल्याकडे चाल नाही. मग मासिकांतून त्यांचे परीक्षण कोठून व्हावे? कायदा वकिलांनी वाचावा आणि इतरांनी पाळावा, अशी श्रमविभागणी होऊन बसली आहे. परंतु जो कायदा ‘आई’ आणि ‘मूल’ या शब्दांच्याच व्याख्या करू लागतो, तो आम्हां शब्दांच्या उपासकांच्या अंगणात आलेला असतो, आणि त्याची विचारपूस करणे आमचे कर्तव्य ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये संमत झालेले आणि २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेले दोन अधिनियम, एक सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा व दुसरा सरोगसीचा, या जातीचे आहेत. त्यांतील दुसऱ्याच्या भाषेविषयी, आणि त्या भाषेमागे दडलेल्या नीतीविषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हे कायदे कशामुळे करावे लागले, ते प्रथम पाहू. शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात ठेवण्याच्या विद्येचे पहिले अपत्य २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात जन्मले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुसरे जन्मले. पण त्यांच्या हयातीत त्यांच्या वाट्यास मान्यतेऐवजी अवहेलनाच आली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयोगास ६ ऑगस्ट १९८६ रोजी फळ आले. पुढे प्रयोगशाळेतील ही विद्या बाजारात गेली. एकीचा गर्भ दुसरीच्या उदरात वाढविता येतो असे दिसताच परदेशी दांपत्ये गुजरातेतील आणंदसारख्या गावी येऊ लागली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्यांस कायद्याचे बळ नव्हते. २००८ साली एका जपानी दांपत्याचा मुलीच्या जन्मापूर्वीच काडीमोड झाला, आणि त्या अर्भकाचे पालक कोण, नागरिकत्व कोणते, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५ साली परदेशी दांपत्यांस ही दारे बंद झाली. तेव्हा कायदा हवा होता, याविषयी आमचा मतभेद नाही.

इतकेच नव्हे, तर या कायद्यांत स्तुत्य असे पुष्कळ आहे, आणि ते आधी सांगणे न्यायाचे होईल. बीजांड देणाऱ्या स्त्रीचे वय २३ ते ३५ असावे, तिने आयुष्यात एकदाच दान करावे, तिच्या शरीरातून सातांहून अधिक बीजांडे काढू नयेत, असे बंधन आहे. बीजांडे काढण्यापूर्वी कित्येक दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, आणि ती अतिरेकाने दिल्यास जिवावर बेतते. हे जाणणाऱ्यास या बंधनाचे महत्त्व पटेल. दुसरीसाठी गर्भ वाहणाऱ्या स्त्रीचा ३६ महिन्यांचा विमा उतरविणे आवश्यक केले आहे, तिच्यावर गर्भपाताची जबरदस्ती करण्यास मनाई आहे, आणि जन्मलेल्या मुलास टाकून देण्याची वाट कोणालाही मोकळी ठेवलेली नाही.

या शेवटच्या कलमाचे मोल मराठी प्रेक्षकांस वेगळे सांगावयास नको. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या राष्ट्रीय पारितोषिक मिळालेल्या चित्रपटात हीच आपत्ती दाखविली होती. परदेशी स्त्री येते, विदर्भातील एका गरीब स्त्रीशी करार करते, मूल व्यंग घेऊन जन्मेल अशी शंका येताच निघून जाते. आणि ते गोरे मूल वऱ्हाडी बोलत आमच्याच मातीत वाढते. ज्या वर्षी हे कायदे झाले त्याच वर्षी या कथेचा ‘मिमी’ नावाचा हिंदी अवतारही पडद्यावर आला. मूल कोणाचे या प्रश्नाबरोबरच ते पोटात वागविणारीची परिस्थिती काय, हाही प्रश्न मराठी चित्रपटाने प्रेक्षकांपुढे ठेवला. कायद्याची आमची तक्रार नेमकी येथून सुरू होते.

या स्त्रीला मराठीत काय म्हणावे? वर्तमानपत्रांनी ‘भाडोत्री माता’ हा शब्द रूढ केला. मराठीत घर भाड्याचे असते, टांगा भाड्याचा असतो. माणूस मात्र भाडोत्री झाला की त्याची निंदा होते. भाडोत्री गुंड असतात, भाडोत्री साक्षीदार असतात. काहींनी ‘उसने मातृत्व’ असा सौम्य प्रयोग केला. पण उसने म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि महिन्याच्या सुरुवातीस ती परत करावी. येथे परत काय करावयाचे? नऊ महिने, प्रसूतीच्या वेणा, शरीरात झालेले बदल, यांपैकी कोणतीही गोष्ट परत करता येत नाही. एक शब्द तिला हिणवितो, दुसरा तिने दिलेल्याचे मोल पुसून टाकतो. म्हणून आम्ही तिला सरळ ‘गर्भधारिणी’ म्हणू.

कायद्याने या दोन्ही शब्दांना बाजूस सारून तिसराच शब्द पुढे केला आहे, तो परोपकाराचा. सरोगसी परोपकारी असेल तरच ती कायदेशीर. वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत सांगितलेला इतर खर्च यांपलीकडे गर्भधारिणीला काही दिल्यास तो व्यापार ठरतो, आणि व्यापाराची शिक्षा दहा वर्षांपर्यंतचा कारावास व दहा लाखांपर्यंतचा दंड. वाचताना हे मोठे उदात्त वाटते. परंतु या व्यवहारातील इतर पात्रांकडे पाहा. डॉक्टर शुल्क घेतात, प्रयोगशाळा शुल्क घेते, भूल देणारा घेतो, प्रतिज्ञापत्र लिहिणारा वकील घेतो, विमा कंपनी हप्ता घेते. यांपैकी कोणासही कायद्याने परोपकारी होण्यास सांगितलेले नाही. ज्या एकीच्या शरीरावाचून या सर्वांची विद्या पांगळी आहे, तिच्यावरच निःस्वार्थपणाचे व्रत लादलेले आहे. परोपकार हा स्वेच्छेने करावयाचा असतो. ज्याची सक्ती होते त्यास मराठीत वेठ म्हणतात.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पैसा आला की गरिबी आली, आणि गरिबी आली की संमती ही नावापुरतीच राहिली. पोटापायी पोट भाड्याने देणारीस स्वतंत्र कसे म्हणावे? आक्षेपातील वस्तुस्थिती आम्हांस मान्य आहे. आणंदात गर्भ वाहणाऱ्या स्त्रिया हौसेने आल्या नव्हत्या. पण गरजेपोटी केलेल्या कामाचा मोबदला बंद केल्याने गरज नाहीशी होत नाही, मोबदला मात्र नाहीसा होतो. गिरणीतील मजुरांची पिळवणूक थांबविण्यासाठी कोणी त्यांचे वेतन बंद केले नाही. कामाचे तास, किमान वेतन आणि अपघाताची भरपाई ठरविली. संसदेच्याच स्थायी समितीने २०१७ साली परोपकाराऐवजी भरपाईच्या तत्त्वावर ही व्यवस्था उभारावी अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही.

शिवाय, पैशाचा दाब गेला म्हणजे सर्व दाब गेले असे मानणे भोळेपणाचे आहे. आमचे वाचक सुशिक्षित कुटुंबांतील आहेत. त्यांनी आपल्याच घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. थोरल्या सुनेस मूल नाही. डॉक्टरांनी गर्भधारिणी शोधण्यास सांगितले आहे. गर्भधारिणी विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची असावी, असा नियम आहे. पैसे देता येत नाहीत. मग परकी बाई कशाला पुढे येईल? अशा वेळी घराची नजर कोणाकडे वळते? धाकट्या सुनेकडे, किंवा नवऱ्याने टाकलेल्या, माहेरी राहणाऱ्या बहिणीकडे. पूर्वीच्या मसुद्यात ‘जवळची नातेवाईक’ अशीच अट होती. प्रवर समितीच्या शिफारशीने तिच्या जागी ‘इच्छुक स्त्री’ आली, ही सुधारणा खरी. पण मोबदला नाकारल्यावर इच्छुक स्त्री बहुधा नात्यातच सापडणार. सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारले, तर त्या सुनेच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कसा निघावा? आणि तिने ‘हो’ म्हटले, तर तिची इच्छा कोणत्या तराजूत तोलावी? बाजारात निदान नकार देता येतो आणि भाव मागता येतो. या घरात तिला दोन्ही गोष्टी करता येत नाहीत.

दुसरी तक्रार मातृत्वाच्या निर्णयाविषयी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अपत्य बीजाच्या धन्याचे की क्षेत्राच्या धन्याचे, असा वाद आहे, आणि पुत्रांचे औरस, क्षेत्रज, दत्तक, क्रीत इत्यादी बारा प्रकार मोजले आहेत. त्या साऱ्या हिशेबात स्त्री ही शेत आहे. शेताला कोणी मत विचारीत नाही. नवा कायदा स्त्रीला शेत म्हणत नाही. तो तिची लेखी संमती घेतो. पण ती संमती मागे घेण्याची मुभा गर्भ तिच्या उदरात ठेवीपर्यंतच आहे. पालकत्वाचा आदेश प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याकडून आधीच मिळवावयाचा असतो, आणि मूल जन्मल्यावर तोच त्याचा जन्मदाखला ठरतो. मूल इच्छुक दांपत्याचे ‘जैविक अपत्य’ मानावे, असे कलम सांगते. इंग्लंडात याउलट स्थिती आहे. तेथेही गर्भधारिणीची किंमत ठरविण्यास मान्यता नाही. पण जी प्रसवते ती कायद्याने आई, आणि न्यायालयाच्या आदेशाने मातृत्व दुसरीकडे जावयाचे तर प्रसूतीनंतर सहा आठवडे लोटल्यावाचून तिने दिलेली संमती ग्राह्य नाही. त्या सहा आठवड्यांत तिचे मन पालटण्याचा धोका इच्छुक दांपत्याने पत्करावयाचा असतो. आमच्या कायद्याने तो धोका काढून टाकला, आणि त्याबरोबर मुलाच्या जन्मानंतर तिचे मत विचारण्याचा प्रसंगही काढून टाकला.

आमच्या भाषेला मात्र दोन आयांचे कधी वावडे नव्हते. कृष्ण देवकीनंदनही आहे आणि यशोदेचाही आहे. बलराम एकीच्या उदरातून दुसरीच्या उदरात गेला, तरी रोहिणीचे नाव कथेतून कोणी पुसले नाही. उपर्युक्त चित्रपटातील नायिकेचे नाव यशोदा आहे, तेही या परंपरेचे स्मरण ठेवूनच असावे. उलट, महाभारतात अंबिकेने आपल्या जागी व्यासांकडे जी दासी पाठविली, तिच्या पोटी विदुरासारखा नीतिज्ञ जन्मला. पण त्या दासीचे नाव महाभारतकारांनी सांगितलेले नाही. दुसरीच्या आज्ञेने आणि दुसऱ्यांच्या वंशासाठी तिने उदर दिले, आणि कथा पुढे गेली. गर्भधारिणीला रोहिणीचे स्थान द्यावयाचे की त्या दासीचे, हा या कायद्यापुढील खरा प्रश्न आहे.

‘इच्छुक’ कोण, याच्या व्याख्येतही असाच संकोच आहे. ३५ ते ४५ वर्षांची विधवा किंवा घटस्फोटिता सरोगसीचा आधार घेऊ शकते. अविवाहितेस ते दार बंद. पण सहायक प्रजननाच्या कायद्याखाली हीच अविवाहित स्त्री दात्याच्या बीजाने स्वतःच्या उदरी मूल वाढवू शकते. तिच्या मातृत्वास समाजाचा आक्षेप नसेल, तर केवळ गर्भाशय निकामी असल्याने तो उत्पन्न का व्हावा, याचे उत्तर आम्हांस दोन्ही अधिनियमांत मिळाले नाही.

असो. कायदे सुधारण्यासाठीच असतात, आणि हा तर अद्याप कोवळा आहे. आमची सूचना एवढीच, की पुढील दुरुस्ती करणाऱ्यांनी प्रथम ‘परोपकार’ हा शब्द खोडावा. त्याच्या जागी शासनाने ठरविलेला, थेट गर्भधारिणीच्या खात्यात जमा होणारा मोबदला यावा; तिचा स्वतंत्र वकील आणि इच्छुक दांपत्याहून निराळा डॉक्टर असावा; आणि प्रसूतीनंतर काही आठवडे तरी तिचे मत विचारल्याखेरीज अखेरचा आदेश होऊ नये. ज्यांना मूल हवे आहे त्यांची व्यथा आम्ही हलकी लेखीत नाही. वांझपणाचे टोमणे या समाजाने किती स्त्रियांस ऐकविले, हे आम्ही जाणतो. पण एकीची व्यथा दूर करण्यासाठी दुसरीला विनामूल्य राबविणे, आणि त्यास तिचा परोपकार म्हणणे, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.